अठ्ठाविसाव्या दिवशी

हिऊमा बेटावरून विल्लू येतो, पहिल्या बोटीने.
कुपी मी आधीच फ्रिजबाहेर काढलेली असते,
खोलीची ऊब लागावी म्हणून.

आत पिठासारखं काही. पीठ नव्हे:
एकेक कण केसाहून बारीक गोळी,
पोटात चिमूटभर पेप्टाइड धरून बसलेली.
ते मोकळं सोडलं तर दुपारपर्यंतही पुरायचं नाही.
म्हणून हा पॉलिमर, आम्लाची साखळी,
तेच आम्ल जे ताकात असतं,
वल्ही मारून भरून आलेल्या दंडात असतं.
शरीर त्याला परकं म्हणत नाही.
सावकाश कड्या सोडवत बसतं, महिनाभर,
आणि औषध झिरपत राहतं.

आजार ओळखला मैमूने,
डॉक्टरांच्या तीन वर्षं आधी.
दर हिवाळ्याला ती त्याचे हातमोजे विणते,
वहीत टाके मांडून ठेवते:
चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस. मग एकदम छप्पन्न.
"लोकर आटते, कबूल.
पण पन्नाशीतला माणूस वाढतो का?"
असं तिने विचारलं म्हणे, मासळीच्या दुकानात.

लग्नाची अंगठी कापून काढली होती.
तुकडे त्याच्या पाकिटात आहेत, सुट्ट्या नाण्यांत.

द्रव घातला की थांबायची सोय नाही,
कण तळाशी बसतात, सुई तुंबते.
मी कुपी फिरवते. तो पट्टा सैल करत
बर्फाचं सांगतो, बोट कुठे अडली ते.
टोचलं. "हं." एवढंच.

यंदा टाके बावन्न.
तरी सैल होतात, मैमू म्हणते.
सैलच बरे, तो म्हणतो, आत हवा राहते.

तो गेल्यावर पाहिलं, खुर्चीवर एक मोजा.
धावले तशीच, कोट न घालता.