दारावरचा रिफ्की

कुमकापीच्या गल्लीत संध्याकाळी सातला
रिफ्की दारात उभा राहतो.
सहा भाषांत "या" म्हणतो,
सातव्या भाषेत नुसते हात पसरतो.

"सकाळी समुद्रात होता, साहेब,
आपण मेलोय हे त्याला अजून कळलेलं नाही!"
बोट बर्फावरच्या माशाकडे.
लोक हसतात.
हसलेला माणूस निम्मा आत आलेलाच असतो.

बर्फावरचा मासा मंगळवारचा. आज शनिवार.
दर अर्ध्या तासाला त्याच्यावर पाणी शिंपडायला
एक पोरगा ठेवलाय,
पूजेतला देव आंघोळीला एवढा नेमाचा नसेल.
तो मासा कुणाच्या ताटात जात नाही.
ताटात येतो तो तळघरातल्या फ्रीझरमधला,
ज्याचा फोटो कुणी काढला नाही.

भिंतीवर सोनेरी चौकटीत प्रशस्तिपत्र :
शहरातलं सर्वोत्तम मत्स्यभोजन.
तहसीनबेंनी ते मेनूकार्डांबरोबरच छापून घेतलं.
मेनूकार्डं महाग पडली.

त्या शनिवारी मुझेय्येन हानिम आल्या,
ट्रॅबझॉनच्या, कोळ्याघरच्या, गणित शिकवून निवृत्त.
नातवाचा पहिला पगार.
त्याने कोट घातला होता, बाह्या थोड्या लांब.
म्हातारीने मासा काट्यापर्यंत संपवला,
"वा," म्हणाली, दोनदा.

नातू बिलाशी झटत होता तेव्हा
ती दारात येऊन रिफ्कीशेजारी उभी राहिली.
"त्या बर्फावरच्याचे डोळे बसलेत.
आणि मी खाल्ला तो त्याचाही आजोबा.
माझे वडील असला मासा मांजरापुढे टाकताना
मान खाली घालायचे."

"मग संपवलात कशाला?"

"पोरगं समोर बसून माझं तोंड बघत होतं."
शाल सारखी केली.
"तुझा आवाज मात्र ताजा आहे हो.
तू काय खातोस इथे?"

इथे? इथे काहीच नाही.
रात्री अकराला मागच्या बोळात,
आर्शालुयसबाईकडे मसुरीचं सूप.
पाटी नाही, दिवाही एकच.
"तिथे दारात कोण ओरडतं?"
"कुणी नाही."
"हं," बाई म्हणाली, आणि नातवाचा हात धरून गेली.

पुढच्या शनिवारी तोच कोट,
सोबत एक मुलगी, केसांत पांढरी क्लिप.
दूरूनच तो तिला दाखवत होता : ते बघ, तिथे.
आत व्हायोलिन चालू, टेबलं भरलेली,
तहसीनबे गल्ल्यावर.

रिफ्कीने हात पसरले नाहीत.
"आज बंद आहे," म्हणाला,
एका भाषेत, हळू.

पोरगा त्याच्या खांद्यावरून आत बघत राहिला.
मागे बर्फावर नवा मंगळवार
ओला होऊन चकाकत होता.
"मग कुठे जाऊ?"

रिफ्कीने एकदा गल्ल्याकडे पाहिलं
आणि खिशातला हात न काढता
हनुवटीनेच बोळ दाखवला.