येण्याचे कारण

ठाण्याच्या तुरुंगाच्या दारात, किल्ल्याच्या जाड भिंतीला टेकून
एक टेबल आहे. टेबलावर वही. सुतळीने बांधलेलं पेन.
नाव : अच्युत पणदूरकर. पत्ता : चरई.
सोबत : व्हायोलिन एक, गज एक, राळेचा खडा,
तारा चार, आणि सुट्या दोन.
येण्याचे कारण : इथे बोटभर जागा.
मी दर वेळी लिहितो, कार्यक्रम.

"गज आमच्याकडे पुष्कळ आहेत," जमादार तायशेटे म्हणतात
आणि सुटी तार बोटाला गुंडाळून बघतात.
"हिने गळा कापेल का हो?"
बेसूर झाली तर कापते, मी म्हणतो.
ते हसत नाहीत. मोजतात. सहा.

पेपरवाल्या मुलीला मी सांगितलं होतं
संगीताने माणूस बदलतो वगैरे.
तिने ते छापलं. फोटोत मी डोळे मिटलेला.
बायकोला सांगितलं, रिकाम्या दुपारी खायला उठतात.
तिला पटलं नाही. तिने डब्यात एक लाडू जास्त घातला.
तो दारातच काढून घेतात.

स्वतःला सांगितलेलं कारण जरा बरं आहे.
चाळीस वर्षं मी गवयाच्या डाव्या हाताला बसलो.
त्याने घेतलेली जागा अर्ध्या श्वासाने मागून घ्यायची,
त्याला ठसका लागला की सभागृह सांभाळायचं,
आणि पत्रिकेत तळाला, 'साथ'च्या पुढे, बारीक टायपात.
इथे सतरंजीवर मधोमध मी.
समोर दोनशे माणसं,
आणि भैरवीला कुणी गाडी काढायला उठत नाही.
गडकरीत उठतात.
ज्यांना उठताच येत नाही
त्यांच्या बसण्याला दाद समजायचं,
आहे, तेही आहे माझ्यात.
बोटभर जागेत मावलं असतं. लिहिलं नाही.

मार्चमध्ये मुलतानी वाजवला.
टाळ्या झाल्या. इब्राहिम पटवेकर, मुंब्र्याचा,
कच्चा कैदी, पाचवं वर्ष, पूर्वी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट,
टाळी न वाजवता उभा राहिला. म्हणाला,
"पंचम उतरला होता तुमचा. मध्यापासून.
तुम्हाला कळलं होतं.
तरी तुम्ही तसंच रेटलंत."

कळलं होतं.

चाळीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.
गवई म्हणत, छान. आयोजक म्हणत, छान, आणि पाकीट.

आणि शहाऐंशी साली, कोपरीच्या पुलावर,
मैफलीवरून परतताना स्कूटरला काहीतरी लागलं.
काहीतरी नव्हे. कुणीतरी.
तेव्हाही मला कळलं होतं.
पाठीवर व्हायोलिन होतं, तेवढं सांभाळत मी तसंच रेटलं.
नंतर कुणी आलं नाही. पोलीस नाही, चिठ्ठी नाही.
दुसऱ्या दिवशी साथीला बसलो
आणि अगदी सुरात होतो.

हे पटवेकरला सांगितलं नाही.
म्हटलं, पुढच्या वेळी जुळवताना जवळ बसा.
"कोर्टाची तारीख नसली तर," तो म्हणाला.

आज तो बसला. कान वाद्याच्या पोटाशी.
मी खुंटी पिळत होतो, तो मान हलवत होता,
अजून. अजून. नाही. अजून.
दोनशे माणसं वाट बघत होती.
मागे कुणीतरी शिंकलं, कुणी त्याला शुक् केलं.
शेवटी तारच तुटली.
पटवेकर म्हणाला, "आता बरोबर होती."

बाहेर येताना तायशेटे पुन्हा मोजतात.
पाच तारा आणि दोन तुकडे.
तुकडे टोकाला टोक लावून टेबलावर ठेवतात,
लांबी भरते का बघतात.
भरते.

"पुढच्या वेळचं आत्ताच लिहून ठेवा," म्हणतात,
"तेव्हा गर्दी असते."
नाव. पत्ता. सोबत.
मी पेन घेतो. सुतळी तोकडी आहे,
लिहायचं तर वाकावं लागतं.