तनाझुल

फहाहीलच्या शाळेचं कोर्ट आम्हाला मिळतं
सोमवारी आणि गुरुवारी, रात्री दहा ते साडेअकरा.
भाडं आगाऊ.
सिमेंट त्याही वेळी तव्यासारखं,
चेंडू आपटला की गरम हवेचा घास तोंडावर येतो.
लांबवर रिफायनरीची ज्योत,
तिला मात्र वेळेचं बंधन नाही.

बैठक कार्गोवाल्या पेडणेकरांच्या गाळ्यात झाली,
बांधून ठेवलेल्या खोक्यांवर बसून.
एकावर लिहिलं होतं: खेड, भरणे नाका, फुटेल असं सामान.
त्याच्यावर मी बसलो.

मंगफवाले रॉडेलला सोडायला तयार आहेत.
तोच, ज्याच्यासाठी गेल्या रमजानच्या लीगमध्ये
समोरच्या बाकावरचेही उठले होते टाळ्या वाजवायला.
बदल्यात त्यांना तन्झील पाहिजे. आणि अबिन.
एका बऱ्या गुडघ्याला चार कोवळे गुडघे, मी म्हणालो.
कुणी हसलं नाही.

पी हळद, हो गोरी, असं नसतं, मी म्हणालो,
पोरांना वेळ द्या, पाच वर्षांत बघा...
आणि तिथेच जीभ अडखळली.
पाच वर्षं!
माझा इकामा मार्चपर्यंत.

पेडणेकरांनी चहात खारी बुडवली, सावकाश.
"मास्तर, तुमचा तन्झील मेमध्ये निकाल,
ऑगस्टमध्ये विमानतळ.
अबिनच्या बापाची कंपनी तर आजच डुगडुगतेय.
बर्फाची लादी आहे ती, उन्हात धरलेली,
आणि तुम्ही म्हणता साठवू."
खारी तुटून कपात पडली.
त्यांनी ती बोटाने काढली.

इथे सोडायलाही कागद लागतो.
तनाझुल म्हणतात त्याला.
बारा वर्षांपूर्वी माझाही झाला,
पाइपच्या गोदामातून व्हॉल्व्हच्या गोदामात.
आल्यागेल्या मालाच्या पावत्या मी फाडायचो,
त्या दिवशी एक माझ्या नावाची फाटली.
जुन्या साहेबाने बदल्यात काय घेतलं, मी विचारलं नाही.
फोर्कलिफ्ट, असं मागाहून कळलं. तीही जुनी.

शुक्रवारी मॉलमध्ये रॉडेल दिसला,
अत्तराच्या दुकानाबाहेर, सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात,
वजन या पायावरून त्या पायावर नेत,
फ्री थ्रोआधी नेतो तसंच.
मी हात केला. तो हसला.
सर, घेतलंत तर आधी बाकावर बसवा, म्हणाला,
बारा तास उभाच असतो.
थट्टा होती की विनंती,
त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

आज गुरुवार. पोरांना सगळं कळलंय.
पोरांना कळतंच, आपल्यालाच वाटतं मूठ झाकलेली आहे.
अबिन बुटाची नाडी बांधतोय, सोडतोय, पुन्हा बांधतोय.
तन्झील सरळ आला, चेंडू काखेत धरून.
"सर, दोघांचा मिळून एक रॉडेल ना?
मग त्यात मी किती?
निम्मा, की जरा जास्त?"

वीस वर्षं गोदामात काढली मी.
इंचात विचार, किलोत विचार, डझनात विचार.
जा, लेअप मार, म्हणालो. डाव्या हाताने.

बास्केटची जाळी फाटलीय,
चेंडू आतून गेला की बाजूने, इथून ओळखू येत नाही.
सहीचा कागद खिशात, घामाने मऊ.
साडेअकराला रखवालदार दिवे घालवतो.
घालवले.

काळोखात चेंडू अजून वाजतोय.
कोण आहे रे तिकडे, मी ओरडलो.
दोन आवाज एकदम आले:
मी.