खारीवाड्यातलं जहाज

रात्रपाळी. सड्यावरच्या खोलीत मी आणि पडदा.
एकेक जहाज म्हणजे एकेक त्रिकोण,
बोट ठेवलं की नऊ आकडे, नाव, वेग,
पाण्याखाली किती मीटर, कुठून कुठे.
धावतं जहाज दर काही सेकंदांनी सांगतं, मी इथे आहे,
नांगरलेलं तीन मिनिटांनी एकदा,
झोपेत कूस बदलावी तसं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
एक त्रिकोण जमिनीवर दिसला.
धक्क्याला नव्हे, नदीतही नव्हे,
खारीवाड्यात, कपेलाच्या मागे.
लांबी शून्य. नाव कोरं.
नऊ आकडे कुठल्याच देशाचे नव्हेत.
सोळा नंबरवर हाक मारली, नियम आहे म्हणून.
अनोळखी जहाज, अनोळखी जहाज, मुरगाव बोलतंय.
खरखर. दूर कुणीतरी खलाशी
बटण दाबूनच जांभई देऊन गेला.

सकाळी स्कूटर घेऊन उतरलो.
फणसाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यावर
जाळ्याचा बोया. नारिंगी, हातभर,
अँटेना कपड्यांच्या दोरीला बांधलेली.
पिएदाद म्हणाली, बार्जीनं जाळं कापलं.
ऐंशी हजारांचं.
तिसऱ्या दिवशी बायण्याच्या वाळूत हा एवढाच परत आला.
बार्जवाले म्हणतात, तिथे जाळं नव्हतंच.
"हो उलयता न्हय? उलोवं दी."
शिवाय दिवा लुकलुकतो, मुंगूस फिरकत नाही.

मी कायदा सांगू लागलो.
तिने चहा पुढे केला, वर एक पाव.
मग मी शेणवीला फोन लावला, त्या रात्रीची नोंद उघड म्हटलं.
तो बराच वेळ बोललाच नाही.
बोया दिसतो, म्हणाला. दर तीन मिनिटांनी, एका जागी.
बार्ज?
बार्जीचा माग चाळीस मिनिटं तुटलाय,
मग एकदम झुआरीच्या तोंडाशी.

पिएदादने वेळ, तारीख, सगळं
विजेच्या बिलामागे लिहून घेतलं,
दोनदा वाचून दाखव म्हणाली, दाखवलं.
मग स्वतःच बोयाचं झाकण फिरवून बॅटरी काढली
आणि पदरात पुसली, का कोण जाणे.

थोड्या वेळाने शेणवीचाच फोन.
अरे, त्या त्रिकोणावर काट पडली,
यंत्र म्हणतं, हरवलं.
कुठे गेलं?
म्हटलं, फणसाखाली.
खुराड्यावर. आत सात कोंबड्या, एक खुडूक.
नोंदीत काय लिहू, त्याने विचारलं.
मी पावाचा उरलेला तुकडा चहात बुडवला.