पेव

मिरजेच्या सिव्हिलला, गोळ्यांची रांग सरल्यावर
मुजावर बाईंनी केसपेपरच्या मागं माकड काढलं.
शेपूट जरा जास्तच लांब झालं.

आफ्रिकेतलं हे, म्हणाल्या.
रक्तात विषाणू खच्चून, आतड्यात तर बाजारच,
पण गाठींच्या आतल्या खोलीत त्याला थारा नाही,
दारात राखणीच्या पेशी उभ्या.
माकड म्हातारं होतं, वयानंच मरतं.

आणि माझ्यात?
पेन त्यांनी माझ्या काखेकडं नेलं,
टेकवलं नाही.

मी हरिपूरचा. बापानं जन्मभर हळदीची पेवं भरली.
तोंड लिंपलं की वर गवत उगवायचं,
शेळ्या चरायच्या,
खाली हळद वर्षानुवर्षं तशीच,
ना कीड, ना रंग उतरलेला.
उघडताना आधी कंदील सोडायचा.
विझला, तर उतरायचं नाही.

माझ्या रिपोर्टवर दरवेळी येतं: आढळला नाही.
गवत चांगलं आलंय म्हणायचं.

उठताना विचारलं,
त्या माकडाला ठाऊक असतं का, बाई?
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
पुढचा नंबर एकोणचाळीस.

कागदाची घडी केली,
डबीत ठेवली,
महिन्याभराच्या गोळ्यांवर.