सहीशिवाय

बाद्री पोलंडला ट्रक चालवायला गेला तेव्हा
गॅरेजात अकरा कार्डं ठेवून गेला,
रात्रंदिवस नाणी खणून दमलेली,
पंख्यांच्या पात्यांवर दोन हिवाळ्यांची धूळ.
विकून टाक, म्हणाला. कोणी घेईना.
एक मी टॉवेलात गुंडाळून वर आणलं, मासळी आणावी तसं,
जिन्याने, पाच मजले.
रुस्तावीत आमच्या लिफ्टला नाणं टाकावं लागतं
आणि खिशात नेमकं तेच नव्हतं.

कार्डाला तोंड नाही.
म्हणजे पडद्याची केबल लावायला एकही भोक नाही.
मोजायला जन्माला घातलेलं, त्याला दाखवायला कोण सांगणार?
चित्र त्याने काढायचं
आणि ते बाहेर सोडायचं मदरबोर्डाच्या जुन्या खिडकीतून.
मला नवल वाटलं नाही.
एकतीस वर्षं मी नोंदणी कचेरीत होते.
राबणारा एक, खिडकीत दिसणारा दुसरा.

यंत्राने पिवळा त्रिकोण काढला.
या उपकरणाने अडचणी कळवल्या म्हणून ते थांबवलं आहे.
कुठल्या अडचणी, ते नाही.

बाद्री फोनवर, कुठल्याशा पेट्रोल पंपावरून:
ड्रायव्हरची फाइल उघड. आत यादी आहे,
ज्या कार्डांना ते ओळख देतात त्यांची.
आपल्याचा नंबर नाही. तू लिही.
मी लिहिला. एक ओळ.
(नोकरीत असं एकही नाव मी घुसवलं नव्हतं.
एकदा फक्त एका मुलाची जन्मतारीख दोन दिवस मागे...
जाऊ दे.)

ओळ घातली आणि फाइलवरची सही मोडली.
एक स्वल्पविराम हलला तरी मोडते म्हणे.
यंत्र म्हणालं, सही नसलेला कागद चालणार नाही.

मला हसूच आलं. वाक्य माझं होतं.
काचेमागून किती जणांना ऐकवलं असेल,
हातातलं पेन खाली न ठेवता.
आणि त्याआधी, त्र्याण्णवच्या शरदात,
मीच होते काचेच्या अलीकडे:
घराचा कागद डोंगरातल्या ओल्यात भिजलेला,
शाई पसरून नुसता जांभळा डाग.
काय आहे हे, विचारलं त्या बाईने.
घर, मी म्हटलं.

बंद करून चालू. निळा पडदा, पर्यायांची यादी,
त्यात सातवा: सह्या तपासणं थांबवा.
एवढंच? एक आकडा?
दाबण्याआधी मी उगाच मागे वळून पाहिलं.

पहिल्यांदा झालं नाही.
दुसऱ्यांदा पडदा काळा पडला तो पडलाच,
गॅसवर दूध ठेवल्यासारखी मी हलले नाही.
तिसऱ्यांदा पंखा खाकरला
आणि त्रिकोण गेला.

मग विमान काढलं. खेळातलं.
कुतैसीहून वर, समुद्रापर्यंत,
मग समुद्र डाव्या हाताला ठेवून सरळ.
एंगुरी ओलांडली. पुलावर कोणी काही विचारलं नाही.
ओचामचिरे. रूळ, शाळा, तिसरी गल्ली.

घर होतं.
म्हणजे एक खोकं. वरून सावली पाहून
यंत्राने अंदाजाने बांधलेलं.
अक्रोडाच्या जागी कसलंसं टोकदार झाड,
शेजाऱ्यांकडेही तेच, समोरही तेच.
इंधन संपेपर्यंत घिरट्या घातल्या.

सकाळी बाद्री म्हणाला, चाललं का?
चाललं. छप्पर लाल केलंय त्यांनी.
बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज.
पत्र्याचं होतं, तो म्हणाला.
मग घसा साफ करून:
अपडेट आलं की तुझी ओळ पुसली जाईल हं,
पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.

करीन, म्हटलं.
नंबर पाठ झालाय.