शीर

त्या वर्षी आमच्याकडे साखर होती.
बाकी काय होतं ते विचारू नका.
सकाळी साखरपाणी, दुपारी भात,
रात्री वीज गेलेली,
म्हणून ताटात काय नाही ते दिसायचं नाही.

मुंग्या साखरेला येतात, हे पोरसुद्धा सांगेल.
आम्हाला त्या आतून आल्या.
आधी तळव्यांना, मग घोट्यांपर्यंत,
मग एका रविवारी हाताच्या बोटांना.
रात्री पाय पेटायचे. मी ते फरशीला टेकवून झोपायचे.
पुढे पुढे फरशी गार आहे की नाही
तेही कळेनासं झालं.

मी निएवेस. पिनार देल रिओच्या कारखान्यात
तंबाखूच्या पानाची शीर काढते, एकवीस वर्षं.
पान मांडीवर पसरायचं, टोकाशी चिमटीत धरायचं,
एका ओढीत शीर बाहेर, आणि पान फाटता कामा नये.
हे काम डोळ्यांचं नाही, बोटांच्या टोकांचं.
फेब्रुवारीत माझी पानं फाटायला लागली.
मुकादम म्हणाला, लक्ष कुठंय?
लक्ष होतं.
बोटं नव्हती.

समोर उंच खुर्चीत उबाल्दो वाचायचा.
आमच्याकडे रीतच आहे तशी, हात कामाला, कान गोष्टीला.
एका दुपारी नायिका दार उघडते
आणि उबाल्दो थांबला.
दारात कोण? चाळीस बायका ताटकळलेल्या.
त्यानं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, तिरकं धरलं,
मग घसा खाकरून पुढे निघाला.

तीन आठवड्यांनी ओडालिस माझ्या कानाशी लागली.
तिच्या घरी ते पुस्तक होतं.
म्हणाली, हा वाचत नाहीये गं.
दारात आला तो नायिकेचा भाऊ, खांद्यावर आख्खं डुक्कर घेऊन,
मग ते भाजलं, वर आंबट संत्रं पिळलं,
काळा घेवडा, तळलेली केळी, दुसऱ्यांदा वाढलं,
यातलं एक अक्षर त्यात नाही.
आम्ही कुणाला बोललो नाही.
तीन आठवडे आम्ही त्यावरच जगत होतो.

शेवटी तोच म्हणाला, मधोमध भोक पडलंय.
पुस्तकाचा समास स्वच्छ दिसतो, मजकूर नाही.
बायकोचे कान दिसतात.
अंगणातली लाल फुलं विटकरी झाली
तेव्हा वाटलं, उन्हानं असेल.

कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे घरची दारू.
यामिले डॉक्टरीण सायकल हाणत यायची,
तिचाच पट्टा तीन भोकं आत गेलेला.
म्हणाली, साखर जाळायला काडी लागते,
ती काडी साखरेत नसते.
आणि शिरेवर साल असते, ती राखणारं जीवनसत्त्व
मांसात, दुधात, अंड्यात.
मी म्हटलं, सिगारवरचं शेवटचं पान, तसंच ना?
ती थांबली. म्हणाली, तसंच.
मग मी माझ्या मांडीवरच्या ढिगाकडे
उगाचच बघत बसले.

गोळ्या दारोदार आल्या, पिवळ्या,
ओल्या पोत्यासारखा वास.
आठवड्यात आख्ख्या गल्लीची लघवी पिवळीजर्द.
सासू म्हणाली, एवढ्या वर्षांत प्रथमच
माझ्यातून काहीतरी सोनं निघालं.
किती महिन्यांनी हसलो, आणि हसून धाप लागली.

चमत्कार वगैरे नाही.
बोटं परत आली ती दुखत आली,
सुई टोचली तर शिवी निघाली,
तेव्हा कळलं, आली.
डाव्या पायाची करंगळी अजून परगावी आहे.
गोळी पोटात जाते, जेवण नाही होत,
हे यामिलेही सांगायची, खालच्या आवाजात.

नोव्हेंबरात उबाल्दो खुर्चीवर चढला.
भोक लहान झालं होतं, पुरतं बुजलं नव्हतं.
बोट ओळीखाली ठेवून, पोरासारखा अडखळत,
त्यानं ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं.
नायिका दार उघडते.
दारात कुणी नसतं. वारा असतो.

सगळीकडे शांतता.
मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
आणि डुक्कर?